शपथ, सोबत आणि पोहोचणे

बाराव्या शतकात सिद्ध झालेल्या ‘कोडेक्स कॅलिक्स्टिनस’ या लॅटिन हस्तलिखिताचे पाच ग्रंथ आहेत. त्यांपैकी दुसरा ग्रंथ संत याकोबाच्या चमत्कारांचा आहे. स्पेनच्या वायव्येस, सांतियागो दे कोंपोस्तेला येथे या प्रेषिताची समाधी आहे अशी कॅथलिक परंपरेची श्रद्धा आहे, आणि हे हस्तलिखितही तेथील कॅथीड्रलच्या संग्रहातच आहे. चमत्कारकथांच्या या मालिकेतील चौथी कथा संतकथेच्या रूढ साच्यातील आहे. संकट, प्रार्थना, दर्शन, सुटका आणि उपदेश हा क्रम तिच्यातही आढळतो. परंतु तिच्या आरंभीच एक असा तपशील येतो की, साच्याने त्याची मागणी केलेली नाही आणि उपदेशानेही त्याचा उलगडा होत नाही. यात्रेतील सोबत ही नैतिक दृष्ट्या काय वस्तू आहे, हा प्रश्न त्या तपशिलातून उभा राहतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

कथा अशी. १०८० साली लॉरेन प्रांतातील तीस जण सांतियागोच्या यात्रेस निघतात. वाटेत परस्परांना साहाय्य करू आणि परस्परांशी इमान राखू, अशी शपथ ते घेतात. एक जण मात्र शपथ घेत नाही. गास्कनीत पोहोचल्यावर त्यांच्यातील एक आजारी पडतो, त्याला चालवेना. सोबती त्याला कधी घोड्यावर घालून, कधी हातांवर उचलून पिरेनीज पर्वतातील खिंडीपर्यंत आणतात. एरवी पाच दिवसांत संपणाऱ्या या वाटेला त्यांना पंधरा दिवस लागतात. अखेर ते थकतात, त्रासतात, आणि शपथ बाजूला सारून त्याला तेथेच टाकून पुढे निघून जातात. आजाऱ्यापाशी थांबतो तो एकटा, ज्याने शपथ घेतलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दोघे पर्वत चढू लागतात. माथ्यावर पोहोचतात तो संध्याकाळ होते आणि आजारी यात्रिक प्राण सोडतो. रात्र, एकांत आणि पुढ्यात प्रेत. त्या प्रदेशातील बास्क लोकांचीही त्याला भीती वाटते, असे कथा सांगते. तिच्या काळाचा परकीयद्वेष तिने लपविलेला नाही. तो प्रेषिताची करुणा भाकतो. घोड्यावर बसलेला एक वीर येतो, प्रेत पुढे घेतो, या सोबत्याला मागे बसवितो, आणि बारा दिवसांची वाट एका रात्रीत तोडून सूर्योदयापूर्वी दोघांना सांतियागोच्या वेशीजवळच्या ‘आनंदाच्या टेकडी’वर आणून सोडतो. मृताचे दफन कर, आणि परतताना लेऑन नगरात तुझे सोबती भेटतील त्यांना निरोप दे, असे तो सांगतो. निरोपाचा आशय असा की, तुम्ही सोबत्याशी बेइमानी केलीत. तिचे प्रायश्चित्त घेईपर्यंत तुमची प्रार्थना आणि तुमची यात्रा प्रेषिताला रुचणारी नाही.

आता तो तपशील. शपथ न घेणारा थांबतो आणि घेणारे निघून जातात, अशी रचना कथेने का केली असावी? शपथ घेतलेल्यांपैकीच एकाला थांबवून कथेला तोच उपदेश करता आला असता. इमान राखणारा आणि न राखणारे असा विरोधही अधिक रेखीव झाला असता. एक स्पष्टीकरण सहज सुचते. शपथ न घेणारा स्वतःला ओळखून होता. आपल्या हातून काय होईल याची हमी देण्याचा उद्धटपणा त्याने केला नाही. हे खोटे नाही, पण ते त्याच्या स्वभावापाशी थांबते. मला वाटते, कथेचा रोख शपथेच्या स्वरूपाकडे आहे.

डेव्हिड ह्यूमने ‘अ ट्रीटाइज ऑफ ह्यूमन नेचर’च्या तिसऱ्या ग्रंथात (१७४०) वचनाची जी मीमांसा केली आहे, ती येथे उपयोगी पडते. ह्यूमच्या मते वचन हा निसर्गदत्त सद्‌गुण नसून माणसांनी निर्माण केलेला संकेत आहे. स्वार्थी माणसांना परस्परांवर विसंबून व्यवहार करता यावा, म्हणून तो निर्माण झाला. ज्यांच्यावर आपले प्रेम आहे त्यांच्यासाठी माणूस मोबदल्याची अपेक्षा न ठेवता झिजतोच. तेथे वचनाचे प्रयोजन नसते. म्हणजे मैत्रीचा भरवसा जेथे संपतो तेथे वचनाचा आरंभ होतो. ही मीमांसा मान्य केली तर लॉरेनच्या यात्रिकांची शपथ हीच त्यांच्या सोबतीतील उणिवेची पहिली खूण ठरते. शपथेला मर्यादा असतात. ती सोबतीची मोजदाद करते. आणि ज्याची मोजदाद होते त्याच्याविषयी ‘आता पुरे झाले’ असे कधी ना कधी म्हणता येते. पंधरा दिवस हा आकडा कथेत उगाच आलेला नाही. सोडून जाणाऱ्यांनी तो मोजलेला असला पाहिजे.

तरीही त्यांच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. त्या न सांगता त्यांना दोष देणे फार सोपे आहे. पहिली ही की, त्यांनी त्याला पंधरा दिवस वाहिले. त्यांच्यावर बेइमानीचा ठपका ठेवणाऱ्यांपैकी कितींनी कोणाला एक दिवस तरी वाहिले असेल? दुसरी अधिक गंभीर आहे. ते दोन बंधनांत सापडले होते. सोबत्यांना दिलेली शपथ हे एक, आणि यात्रेचा संकल्प हे दुसरे. मध्ययुगीन यात्रिकाच्या दृष्टीने तो संकल्प ईश्वराशी केलेला असे. माणसाला दिलेला शब्द आणि ईश्वराला दिलेला शब्द यांच्यात विरोध आला तर धार्मिक माणसाने दुसऱ्याची निवड करावी, असेच कोणीही म्हणेल. कथेचे धाडस असे की, ईश्वराच्या बाजूने बोलण्याचा अधिकार असलेला प्रेषितच हा युक्तिवाद फेटाळतो. सोबत्याला ओलांडून माझ्यापाशी पोहोचता येणार नाही, असा त्याच्या निरोपाचा अर्थ आहे.

या कथेचा मला केवळ अभ्यासविषय म्हणून विचार करता येत नाही. २०१९ च्या वसंतात आम्ही चार मित्र याच वाटेने चाललो. फ्रान्समधील सँ-झाँ-पिए-द-पोर येथून निघणारी आणि सांतियागोला पोहोचणारी ही सुमारे ७८० किलोमीटरची वाट ‘फ्रेंच मार्ग’ म्हणून ओळखली जाते. ओ सेब्रेइरो या डोंगरी गावाचे धर्मगुरू एलियास वालिन्या साम्पेद्रो यांनी १९८४ साली स्वतः हिंडून रंगवलेल्या पिवळ्या बाणांमुळे तिला नवे आयुष्य मिळाले. १९८७ मध्ये युरोप परिषदेने तिला पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली, आणि १९९३ मध्ये तिच्या स्पेनमधील भागाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आम्ही गेलो त्या वर्षी सांतियागोच्या यात्रिक कार्यालयाने साडेतीन लाखांच्या आसपास यात्रिकांची नोंद केली.

आम्ही चौघे एम.ए.च्या वर्गापासूनचे मित्र. चौघांपैकी एकच कॅथलिक, वसईचा. यात्रेची कल्पना त्याची. आम्हा तिघांच्या दृष्टीने तो एक दीर्घ पायी प्रवास होता. त्याला ‘यात्रा’ म्हणण्याचा अधिकार खऱ्या अर्थाने त्याचाच. लेऑनच्या पुढे पर्वतमाथ्यावर एका उंच खांबावर लोखंडी क्रूस आहे. यात्रिक घरून आणलेला दगड त्याच्या पायथ्याशी ठेवतात. त्यासाठी त्याने वसईच्या किनाऱ्यावरचा एक काळा दगड बरोबर घेतला होता. पाम्प्लोनाच्या पुढे ‘क्षमेचा माथा’ असे नाव असलेली एक टेकडी लागते. तिच्या पलीकडचा उतार सुट्या गोट्यांचा आहे. त्या उतारावर त्याचा गुडघा दुखावला. दहा-बारा दिवस तो तसाच चालला. बुर्गोसला पोहोचेपर्यंत गुडघा इतका सुजला की, डॉक्टरांनी किमान दोन आठवड्यांची विश्रांती सांगितली. आमच्या रजा मोजक्या, परतीची तिकिटे ठरलेली. तो म्हणाला, ‘तुम्ही पुढे व्हा.’ आम्ही पुढे झालो. तो माद्रिदमार्गे घरी परतला. त्याचा दगड आम्ही नेला आणि लोखंडी क्रूसापाशी ठेवला. लॉरेनच्या यात्रिकांनी निदान माणूस वाहिला होता.

‘तुम्ही पुढे व्हा’ या वाक्याचा नैतिक दर्जा काय? लॉरेनच्या कथेत असे वाक्य नाही. आजाऱ्याने सोबत्यांना मोकळे केले होते का, याविषयी कथा मौन बाळगते. आधुनिक नीतिविचारात मात्र या वाक्याला मोठे वजन आहे. ज्याला वचन दिले तो आपल्याला त्यातून मुक्त करू शकतो. त्याने मुक्त केले की बंधन संपते. सांतियागोच्या वाटेवर आज याच विचाराचे एक लोकप्रिय रूप ऐकू येते. प्रत्येकाने आपली यात्रा आपल्या गतीने करावी, असे तेथे जो तो दुसऱ्याला सांगत असतो. या सूत्रात दुसऱ्याच्या स्वायत्ततेविषयी आदर आहे, हे मान्य केले पाहिजे. गती लादणे हीही एक हिंसाच आहे. परंतु दुखावलेला माणूस जेव्हा ‘पुढे व्हा’ म्हणतो, तेव्हा तो आपल्याला मुक्त करीत असतो की आपल्यावरचे ओझे होण्याच्या लाजेतून स्वतःची सुटका करून घेत असतो, हे वाक्यावरून ठरत नाही. गरजवंताने दिलेली मोकळीक ही मोकळ्या मनाने दिलेली असतेच असे नाही.

आपल्या भाषाव्यवहारात या अडचणीवर एक जुना उपाय आहे. पहिल्या ‘नको’ला आपण अंतिम नकार मानीत नाही. पंक्तीत वाढणारा एकदा ‘नको’ ऐकून पुढे गेला तर त्याला वाढता येत नाही असे आपण म्हणतो. पाहुणा ‘निघतो’ म्हणाला की ‘बसा हो’ म्हणावे लागते. आग्रह या शब्दात आपण केवळ आतिथ्य पाहतो, पण त्यात अर्थनिर्णयनाची एक शिस्त आहे. पहिला नकार सभ्यतेचा असतो, खरी इच्छा दुसऱ्यांदा विचारल्यावर कळते, हे गृहीत धरून आग्रहाचा सारा संकेतव्यूह उभा आहे. त्याचा अतिरेक होतो, तो जाचकही होतो. पण त्याच्या मुळाशी असलेली समज खोटी नाही. बुर्गोसमध्ये आम्ही तिघांनी, जन्मभर या संकेतात वाढलेल्यांनी, नेमक्या त्या दिवशी पहिले वाक्य शब्दशः घेतले. ते आम्हाला सोयीचे होते.

येथे यात्रेच्या अभ्यासकांनी मांडलेल्या सोबतीच्या सिद्धान्ताकडे वळणे आवश्यक आहे. व्हिक्टर टर्नर आणि एडिथ टर्नर यांनी ‘इमेज अँड पिल्ग्रिमेज इन ख्रिश्चन कल्चर’ (१९७८) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, यात्रेच्या वाटेवर दर्जा, व्यवसाय, प्रतिष्ठा यांची बंधने सैल होतात आणि माणसे एका समतेच्या, उत्स्फूर्त बंधुभावाच्या अवस्थेत परस्परांना भेटतात. या अवस्थेला ते ‘कम्युनिटास’ म्हणतात. पंढरीच्या वारीविषयीचे इरावती कर्वे यांचे लेखन व्हिक्टर टर्नर यांनी आपल्या यात्राविषयक विवेचनात वापरले, हे अभ्यासकांना माहीत आहे. पण त्याच लेखनात कर्वे यांनी एक अस्वस्थ करणारी नोंद केली आहे. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकरी बरोबर चालतात, बरोबर गातात, आणि जेवायला वेगळे बसतात. वाट माणसांना आपोआप एक करीत नाही. जे घरून आणलेले असते ते वाटेवरही बरोबर चालते. पुढे जॉन ईड आणि मायकेल सॅलनाऊ यांनी संपादित केलेल्या ‘कन्टेस्टिंग द सेक्रेड’ (१९९१) या ग्रंथाने टर्नरांच्या सिद्धान्ताला जो व्यापक आक्षेप घेतला, त्याची बीजे कर्वे यांच्या नोंदीत होतीच.

सांतियागोच्या वाटेवर टर्नरांना अभिप्रेत असलेला बंधुभाव मी अनुभवला, हे नाकारणार नाही. अनोळखी माणसांनी आमच्या पायांचे फोड बांधले, पाणी दिले, रात्री यात्रिकनिवासात एका टेबलावर जेवण वाढले. परंतु वाटेवर जुळलेली सोबत आणि घरून बरोबर आणलेली मैत्री यांत एक भेद आहे, आणि टर्नरांचा सिद्धान्त तो लक्षात घेत नाही. वाटेवरचा सोबती उद्या मागे राहिला तर तो त्या नात्याचा स्वाभाविक शेवट असतो. त्या नात्याचे सौंदर्यच त्याच्या क्षणिकतेत आहे. जुन्या मित्राचे मागे राहणे हा शेवट नसतो. तो प्रश्न असतो. यात्रा मैत्रीला जन्म देते, हे खरे असेल; पण ती आधीच्या मैत्रीची परीक्षा घेते, हे अधिक खरे आहे.

या परीक्षेचे आपल्या परंपरेतील सर्वांत कठोर चित्र महाप्रस्थानिक पर्वात आहे. द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम. प्रत्येक वेळी भीम कारण विचारतो, युधिष्ठिर ते सांगतो, आणि मागे न पाहता चालत राहतो. हाच युधिष्ठिर स्वर्गाच्या दारी सोबतच्या कुत्र्याला सोडण्यास नकार देतो. भावांना टाकून आलास, मग कुत्र्याचा हट्ट का, असे इंद्राने विचारल्यावर तो जे उत्तर देतो त्याचा आशय असा की, मेलेल्यांना जिवंत करणे माझ्या हाती नव्हते. जिवंतपणी मी त्यांना सोडले नाही. मृत्यू ही सोबतीच्या कर्तव्याची सीमा आहे, असे तो मानतो. लॉरेनच्या कथेतील सोबती ती सीमाही मानीत नाही. माथ्यावर आजाऱ्याने प्राण सोडला, तेव्हा युधिष्ठिराच्या न्यायाने तो मोकळा झाला होता. तरीही तो प्रेतापाशी थांबतो, कारण दफन उरलेले आहे. दोन्ही कथा शेवटी थांबणाऱ्याला पोहोचवतात, एकीत इंद्राचा रथ येतो, दुसरीत प्रेषिताचा घोडा. येथे वाचकाने सावध असावे. पोहोचणे हे थांबण्याचे बक्षीस ठरले की थांबण्याचे मोल पुन्हा पोहोचण्याच्या मापाने ठरू लागते. म्हणून कथेचा नैतिक गाभा मी घोडेस्वार येण्यापूर्वीच्या काळात पाहतो. तो थांबला तेव्हा कोणी येणार आहे हे त्याला माहीत नव्हते.

चर्चच्या परंपरेलाही ही अडचण जाणवली असावी. विल्याफ्रांका देल बिएर्सो या गावी संत याकोबाच्या जुन्या चर्चला ‘क्षमेचे द्वार’ आहे. सांतियागो तेथून सुमारे १९० किलोमीटर दूर. आजारपणामुळे पुढे जाऊ न शकणाऱ्या यात्रिकाला या द्वारापाशीच सांतियागोला पोहोचल्याचे पुण्य मिळे. मध्ययुगात मृत्युपत्रात पैसे ठेवून आपल्या वतीने दुसऱ्याला यात्रेस पाठविण्याचाही प्रघात होता. आजही मृत किंवा आजारी व्यक्तीच्या वतीने केलेल्या यात्रेची नोंद प्रमाणपत्रावर करून घेता येते. ही उदार व्यवस्था आहे. पुण्य एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात वर्ग करता येते, असे ती मानते. परंतु तिच्या उदारतेतच एक त्रुटी दिसते. क्षमेचे द्वार आजाऱ्यासाठी आहे. धडधाकट असूनही जो आजाऱ्यापाशी थांबला त्याचा त्या सवलतीत विचार नाही. आणि दुसऱ्याच्या वतीने चालता येते, पण दुसऱ्याच्या वतीने सोबत करता येत नाही. दगड आम्ही मित्राच्या वतीने ठेवला. बुर्गोसमधील त्याच्या खोलीत त्याच्यापाशी बसणे मात्र आमच्या वतीने कोणी करू शकले नसते.

सांतियागोच्या कार्यालयात यात्रेचा हेतू विचारतात. लॅटिनमधील प्रमाणपत्र धार्मिक किंवा आध्यात्मिक हेतूने चालणाऱ्यांना मिळते. भक्तिभावाने या स्थानाला भेट दिल्याचा निर्वाळा त्यात असतो. आम्ही तिघांनी ‘आध्यात्मिक’ असे उत्तर दिले. ते पूर्णतः खोटे नव्हते. पण चौघांपैकी ज्याच्या बाबतीत ते निःसंशय खरे होते त्याच्याकडे ते प्रमाणपत्र नाही, आणि आमच्याकडे आहे.

लॉरेनच्या कथेचा शेवट पुन्हा पाहू. सोडून गेलेल्यांची यात्रा प्रेषिताने रद्द केलेली नाही. त्याने ती स्थगित ठेवली आहे. निरोप मिळाल्यावर लेऑनचा बिशप त्यांना प्रायश्चित्त सांगतो, आणि मग ते यात्रा पुरी करतात. या शेवटाकडे मी पूर्वी उपदेशाची औपचारिक पूर्तता म्हणून पाहत असे. आता मला त्यात अधिक अर्थ दिसतो. निघून जाणे नेहमीच अक्षम्य असते, असे कथा म्हणत नाही. पोहोचणे म्हणजे पूर्ण होणे नव्हे, एवढेच ती म्हणते. सोडून गेलेल्यांना गाठायला निरोप घेऊन आला तो मागे राहिलेलाच, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे हा प्रायश्चित्ताचा पहिला भाग होता.

आम्हाला निरोप मिळायला चार वर्षे लागली. विषय भलताच चालू असताना मित्र सहज म्हणाला, ‘तुम्ही गेलात याचे मला काही वाटले नाही रे. जायलाच हवे होते. पण मी “पुढे व्हा” म्हणालो आणि तुम्ही लगेच “बरं” म्हणालात. एकदा तरी विचारायचे होते.’ त्यावर त्याची समजूत घालण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते, आणि त्यालाही ती नको होती. बुर्गोसपासून पुढची वाट त्याला चालायची आहे. आम्ही बरोबर यावे का, असे मी त्याला विचारले. तो ‘नको’ म्हणाला. मी पुन्हा विचारणार आहे.